कोरड्या वादळातला चिखल

झुलाल: म्हून सांगतो, व्याहीबुवा, मांडव उडाला असं म्हणू नका. गेला म्हणा. पाहुणा पंगतीतून उठून गेला तर आपण काय म्हणतो, पाहुणा उडाला?

मोतीलाल: आबा, मी शाळेच्या ओट्यावर उभा होतो. आमचं सगळं वऱ्हाड तिथंच उतरलंय. तुमचा मांडव आमच्या डोक्यावरून गेला, डहाळ्यांसकट. मागून सतरंजी. सतरंजीच्या मागून आचाऱ्याची कढई.

झुलाल: कढई सापडली. मारोतीच्या पारापाशी उताणी पडली व्हती. आत एक होला बसलेला, पंख मिटून. म्या म्हणलं, ऊठ बाबा, आज नातीची हळद हाये, सैपाक करायचाय. तर माझ्याकडं असा पाहे, जशी कढई त्याच्या मामानं आहेरात आणली.

मोतीलाल: आबा.

झुलाल: बरं, होला नव्हता. कढई मात्र सापडली.

मोतीलाल: मी कढईसाठी आलेलो नाही.

झुलाल: म्हाईत हाये मले. बसा तर खरं. बाज झटकून दिली असती, पण झटकायले गेलो तर अर्धा सातपुडा तिच्यातूनच निघंल. मंदा! अवं मंदा, व्याह्यांले पाणी आण वो माय! ...येईल. सून माझी पोरीजवळ बसली हाये. अन् पोरगा, जीवराम, गेला बाग पाह्यले.

मोतीलाल: केळीची काय गत?

झुलाल: झोपली.

मोतीलाल: सगळी?

झुलाल: बठ्ठी. घड भरले व्हते, अजून दोन आठवड्यात कटाई व्हती. वारं अडवायले बागेभोवती दाट शेवरी लावली व्हती जीवरामनं. तीच आधी मोडली अन् केळीच्या अंगावर पडली. बांधावर बसून राह्यलाय म्हणे.

मोतीलाल: याची नाही केलीत काही गोष्ट?

झुलाल: न्हाई. याची न्हाई होत.

मोतीलाल: वाईट झालं, आबा. मनापासून सांगतो. म्हणून तर मला पुढचं बोलणं जड जातंय. नवऱ्या मुलाचा बाप असता तर तो बोलला असता. थोरल्या भावाच्या माघारी भटूचं सगळं माझ्यावर आहे, म्हणून मी काका असून बोलतो. ही वाटी पाहता ना?

झुलाल: केव्हाची पाहतोय. उष्टी हळद.

मोतीलाल: पाचोऱ्याहून निघताना भटूला लावली, तिच्यातली उरलेली. आमच्या बायका ती घेऊन तुमच्याकडं निघाल्याच होत्या, लताला लावायला. मी त्यांच्या हातून काढून घेतली.

झुलाल: सांडंल म्हून?

मोतीलाल: आबा, तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय ते.

झुलाल: कळतंय. पण तुमच्या तोंडून निघालं न्हाई तोवर ते झालं न्हाई. म्हून मी मधी मधी बोलतोय.

मोतीलाल: मग ऐका. ही हळद मी आत देणार नाही. दारचा मांडव मोडला की ते लग्न करायचं नाही, असं आमच्याकडं आहे. रस्ता मोकळा झाला की ट्रक पाचोऱ्याला वळवतो. खाजा ड्रायव्हर पाहून आला, निंभोऱ्यापर्यंत झाडंच झाडं आडवी आहेत. नाहीतर आत्ताच निघालो असतो.

झुलाल: म्हणजे वारंच तुमाले जाऊ देत न्हाई. हा त्याचा निरोप समजा.

मोतीलाल: आणि मांडव नेला तो कोणाचा निरोप?

झुलाल: तेच तर सांगत व्हतो, तुम्ही मधीच कढई आणली. वारं उलटं घुमलं अन् आमचा मांडव गेला उत्तरेले, बऱ्हाणपुराच्या अंगाले. हे पहिल्यांदा न्हाई. मी तरणा असताना इथं रावेरात एकाचा मांडव असाच गेला. लोक रडायले लागले. अन् तिकडं बऱ्हाणपुराजवळच्या एका खेड्यात एका गरिबाची पोर बिनमांडवाची पाटावर बसली व्हती. भटजी म्हणे, डोक्यावर पाला पाह्यजे. बाप म्हणे, पाला आणू कुठून, आमच्या गावात एक बाभूळ अन् तिलेबी शेळी लागलेली. इतक्यात वरून आमचा मांडव उतरला. अलगद. तोरण पूर्वेले, दार पूर्वेले. दुसऱ्या दिवशी तिचा बाप मांडव परत द्यायले आला, संगं पाच नारळ. इथल्या पोरीचं लगन त्याच मांडवात लागलं. सात पोरं झाली तिले.

मोतीलाल: मागच्या महिन्यात बैठकीला आलो तेव्हा हीच गोष्ट विहिरीच्या मोटेची होती.

झुलाल: मोटही गेली व्हती. निराळ्या साली.

मोतीलाल: आबा, मी तुमच्याशी भांडायला आलो नाही. मुलगी चांगली आहे. घर चांगलं आहे. तुम्ही तर असे आहात की भटूनं पहिल्या दिवशी घरी येऊन तुमच्याच गोष्टी सांगितल्या. पण हे माझ्या हातात नाही.

झुलाल: वाटी तर तुमच्याच हातात हाये. बरं, तुमचा नियम मान्य. पण पुरा सांगा ना. डहाळ्या काय, पाल्याचा खेळ. शेळी खाते, वारं नेतं. लगन बसतं ते मेढीवर, मांडवाच्या पहिल्या खांबावर. मेढ उभी तर मांडव उभा, असं हाये का न्हाई?

मोतीलाल: ...आहे.

झुलाल: तुमच्या पाचोऱ्याकडंबी हाये?

मोतीलाल: आहे म्हटलं ना.

झुलाल: मग मान फिरवा अन् पाहा. दारात, उजव्या हाताले. रोवली तशी उभी. हळकुंड-सुपारीची पुरचुंडी जागच्या जागी. आंब्याचा टहाळा जागच्या जागी. आता बोला.

मोतीलाल: मी आल्यापासून तिच्याकडंच पाहतोय.

झुलाल: देखणी हाये.

मोतीलाल: समोरचा कडुलिंब मुळासकट गेला. विजेच्या खांबाची मान मोडली. तुमच्या शेजाऱ्याच्या घरावर पत्रा राहिला नाही. आणि ही उभी.

झुलाल: पुण्याई, दुसरं काय? अन् वाऱ्याले अक्कल असते, व्याहीबुवा. तुमी वाऱ्याले गाढव समजू नका. सुपडू न्हाव्याचं ऐकलं न्हाई तुमी? पिंपळाखाली एकाची दाढी करत व्हता. अर्धी झाली, अन् आलं वारं. गिऱ्हाईक उचललं, गळ्यातल्या फडक्यासकट, अन् सावद्याच्या बाजारात नेऊन बसवलं, तेबी थेट तिथल्या न्हाव्याच्या पुढ्यात. त्यानं पाह्यलं, अर्धी दाढी बाकी. करून टाकली. मग दोघं न्हावी भांडायले लागले, गिऱ्हाईक माझं का तुझं. पंचायत बसली. शेवटी त्या माणसानं वैतागून दाढीच ठेवली.

मोतीलाल: आणि याचा मेढीशी काय संबंध?

झुलाल: अहो, वस्तरा गळ्यावर असताना माणूस उचलला, पण एक ओरखडा न्हाई! जे न्यायचं तेच नेतं वारं. मेढीपाशी आलं, थांबलं, वळसा घालून गेलं. म्या पाह्यलं.

मोतीलाल: तुम्ही पाहिलं. कुठून?

झुलाल: बाजेखालून.

मोतीलाल: आबा, जरा इकडं या. उठा. या टहाळ्याला हात लावून पाहा.

झुलाल: कायले? मले दिसतो इथून.

मोतीलाल: गल्लीत एका झाडाला धड पान नाही. जे आहे ते चिरलेलं, करपलेलं. आणि या टहाळ्याचं एक पान फाटलेलं नाही. वर धूळ नाही. देठातून अजून चीक येतोय.

झुलाल: आमच्याकडचा आंबा चिवट असतो.

मोतीलाल: बरं. आज पाऊस पडला?

झुलाल: कुठला पाऊस! टिपूस न्हाई. सकाळपासून हवा कोंडलेली, डोंगर भट्टीवानी तापलेला, अन् दुपार कलली तशी ती लाल भिंत आली सातपुड्यावरून. नुसती माती. माझ्या दातात अजून कचकच हाये. असं कोरडं वादळ म्या उभ्या जन्मात पाह्यलं न्हाई. अन् हे खरं सांगतोय.

मोतीलाल: कोरडं वादळ. मग मेढीच्या बुडाशी चिखल कुठून आला?

झुलाल: चिखल? कुठं?

मोतीलाल: हा काय. सगळ्या अंगणात पाऊल ठेवलं की धूळ उडते. एवढ्या वीतभर जागेत चिखल.

झुलाल: सडा टाकला असंल सुनेनं.

मोतीलाल: खांबापुरता?

झुलाल: गाय हिंडत व्हती मघाशी...

मोतीलाल: आबा, मी पाचोऱ्याला जिनात कापूस पारखतो. लोक रात्रीतून पाणी मारून गाडी आणतात, वजन वाढावं म्हणून. वरून कोरडा, आत ओला. मी नुसता हात घालतो. ही माती आज दुपारनंतर उकरलेली आहे.

झुलाल: जीवराम्या, जीवराम्या, काय करून बसलास!

मोतीलाल: म्हणजे?

झुलाल: म्या सांगितलं व्हतं त्याले. खड्डा कर, रोव, पायानं दाब, बस. टहाळा म्या बांधतो. पण केळीवाल्याचा हात तो! जन्मभर कंद लावत आला. काही मातीत घातलं की तांब्याभर पाणी ओतल्याबिगर त्याचा जीव राहत न्हाई. म्या वरडलो, अरे, खांब हाये तो, त्याले काय फुटवे येणार हायेत? तर म्हणे, आबा, माझं ध्यान नव्हतं. ध्यान कसं असंल? बागेची खबर तेव्हाच आली व्हती.

मोतीलाल: म्हणजे मेढ पडली होती.

झुलाल: पडली न्हाई म्हणता येणार. टेकली व्हती.

मोतीलाल: कशाला?

झुलाल: जमिनीले.

मोतीलाल: आणि तुम्ही मला पुण्याई सांगत होता! बऱ्हाणपूर सांगत होता! लग्नासारख्या गोष्टीत, दारात उभं करून, मेढीची लबाडी!

झुलाल: हळू बोला. पोर आत हाये.

मोतीलाल: कळू दे तिलाही.

झुलाल: तिले म्हाईत हाये. खिडकीतून तिनंच पाह्यलं बापाले रोवताना. व्याहीबुवा, माझ्यावर राग काढा. माझी जीभ खोटी, बठ्ठं रावेर जाणतं. इथं मी म्हणलं सूर्य उगवला तरी लोक बाहेर येऊन पाहतात. पण त्या पोरीनं काय केलं? पाटावर बसलीय हळदीची वाट पाहत. तुमची वरात परत गेली, तर उद्यापासून तिचं नाव लता राहणार न्हाई. पांढऱ्या पायाची म्हणतील. वारं लागलेली म्हणतील. कोण येईल मग या दारात? तुमाले म्हाईत न्हाई अशा पोरीचं काय होतं.

मोतीलाल: मला माहीत नाही?

झुलाल: तुमी माणूस मोठ्या गावचे...

मोतीलाल: मला माहीत नाही म्हणता? आबा, अख्ख्या खानदेशात ते कोणाला माहीत असेल तर मला आहे. माझी थोरली बहीण, बेबाअक्का. हे असंच वैशाखातलं वादळ. आमच्या दारचा मांडव असाच गेला, आणि वरात अशीच वळली वेशीतून. वीस-बावीस वर्षं झाली. तेव्हापासून ती घरात आहे. कोणाच्या हळदीला तिला बोलावत नाहीत. डोहाळजेवणाला बोलावत नाहीत. गल्लीतली पोरं तिला वावटळबाई म्हणतात, आमच्या तोंडावर.

झुलाल: ही तीच का, भटूले जिनं वाढवलं म्हणता ती आत्या?

मोतीलाल: तीच. आईविना पोर तिनं मोठं केलं. आणि आज त्याच्या लग्नात ती शाळेत कोपऱ्यात बसली आहे, सामान राखत. कोणी सांगितलं नाही तिला. आपणहून बसते. आम्ही त्या वेळी भांडलो नाही, आबा. वडील म्हणाले, नियम आहे, सोसू. सोसला. आता मी म्हणू की मांडव गेला तरी चालतं? वाऱ्याचं काही मनावर घेऊ नका? मग ती कशापायी बसली आजवर? तिला मी काय सांगू, की अक्का, ते उगीच होतं?

झुलाल: याचीबी गोष्ट न्हाई होत.

मोतीलाल: तेच. म्हणून ही वाटी... अक्का? तू कशाला आलीस इथवर? सामानापाशी बसली होतीस ना?

बेबाबाई: सामान कुठं जातं? वारा ते सोडून गेला. पोरं सांगत व्हती, मोतीकाका हळद परत नेतो. खरं शे?

मोतीलाल: तू जा. मी येतो मागून.

बेबाबाई: आबा, नमस्कार. मी भटूची आत्या.

झुलाल: या माय, या. अशा बाहेर नका उभ्या राहू, आत या.

बेबाबाई: नही. हळदीच्या घरात मी पाय घालत नही. दाराबाहेर बरी शे.

झुलाल: दार कुठं हाये, माय? दोन्ही फळ्या वाऱ्यानं नेल्या. आमच्या घराले आज आतबाहेर न्हाईच.

बेबाबाई: मोती, हळद परत नेतोस का?

मोतीलाल: मेढ पडली होती, अक्का. यांनी पुन्हा रोवली आणि मला सांगितलं, उभीच होती.

बेबाबाई: आबा, पडली व्हती?

झुलाल: हे पाहा माय, वारं जवा त्या कोपऱ्यावरून... पडली व्हती. मांडवाच्या संगंच. आम्ही उचलून रोवली.

बेबाबाई: बरं केलं.

मोतीलाल: बरं केलं?

बेबाबाई: पडलेलं उचलावं नही तर काय करावं? मोती, मन्ही मेढ पडली व्हती का?

मोतीलाल: अक्का, तो विषय इथं नको.

बेबाबाई: त्यांना सांग. पडली व्हती का?

मोतीलाल: ...नाही.

झुलाल: नव्हती?

बेबाबाई: उभी व्हती, आबा. मांडव गेला, घरावरची कौलं गेली, गोठा गेला. मेढ उभी. का उभी व्हती, तेही सांग, मोती.

मोतीलाल: राहू दे म्हणतो ना!

बेबाबाई: मग मी सांगते. हा पंधरा वर्षांचा व्हता. बठ्ठे घरात पळाले, हा एकटा मेढीला मिठी मारून बसला. डोळ्यात माती, तोंडात माती. मी खिडकीतून वरडत व्हती, मोती, आत ये. मोती, आत ये. मन्ही हळद सुकत व्हती अंगावर. हा आला नही. वादळ गेलं तरी याची बोटं सुटेनात. मी एक एक करून उघडली. सालटं निघाली व्हती तळहाताची.

झुलाल: अन् तरी वरात गेली?

बेबाबाई: गेली.

झुलाल: मेढ उभी असून?

मोतीलाल: नवऱ्या मुलाचा मामा आला पाहायला. मी म्हटलं, मामा, पाहा, उभी आहे. तो म्हणाला, पोरा, हात काढ. मी काढले.

झुलाल: पडली?

मोतीलाल: नाही. जराशी वाकली. एवढीच. तो म्हणाला, धरून ठेवलेली मेढ उभी नसते. आणि चप्पल झटकून चालू लागला.

झुलाल: घ्या. पडली असती तर पडली म्हून गेले असते. उभी राह्यली तर धरली म्हून गेले.

बेबाबाई: ज्याला जायचं असतं त्याला वारा पुरतो, आबा. पुढं सहा महिन्यांत त्यांनी भुसावळचं मोठं घर पाहिलं. मी कोणाला काही म्हटलं नही. म्हटलं असतं तरी काय व्हणार व्हतं? पण मोती, तू आज त्या मामाच्या जागी उभा राहिलास, ते माले नही पाहवलं. म्हणून आली.

मोतीलाल: मी तुझ्यासाठी उभा आहे, अक्का! तुला काय वाटेल म्हणून! भटूचं लग्न उडालेल्या मांडवात लावलं, तर तू बसलीस ते...

बेबाबाई: ते फुकट गेलं असं व्हईल. हो ना? ते फुकटच गेलं, भाऊ. माले कधीचं म्हाईत शे. तुलेच नही म्हाईत.

मोतीलाल: असं नको बोलूस.

बेबाबाई: तू हळद परत नेली, तर मन्हं लगन व्हईल का? डोक्यात पांढरे झाले मन्हे. रोज सकाळी उठून माले पाहतोस. अजून एक बसवायची शे तुले?

मोतीलाल: लोक काय म्हणतील, अक्का? पुढं काही कमीजास्त झालं, भटूला ठेच लागली, तरी म्हणतील, मांडव उडाला होता, तरी काकानं लावून दिलं.

बेबाबाई: म्हणतील. माले म्हणतात ना? ऐकायची सवय व्हते. आबा, पोरगी कुठं शे?

झुलाल: आत. पाटावर. रडत न्हाई. रडली असती तर मले बरं वाटलं असतं. मी दोन गोष्टी सांगून पाह्यल्या, एरवी ती हसून लोळते. आज म्हणाली, आबा, पुरे.

बेबाबाई: मीबी रडली नव्हती.

झुलाल: व्याहीबुवा, मी हात जोडतो. आता हे खोटं न्हाई. माझ्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडं पाहू नका, या तुमच्या बहिणीच्या तोंडाकडं पाहा अन् मग वाटी घेऊन जा. मी अडवणार न्हाई.

मोतीलाल: मला जरा सुचू द्या.

(वारा पुन्हा उठतो.)

झुलाल: सुचायले टाइम न्हाई! तो पाहा डोंगर, दिसेना झाला! पुन्हा आलं! मंदा, चूल विझव! पोरीले भिंतीच्या कडेले घे! माय, तुमी आत या, पाय न्हाई घालत बिलत काही नको! व्याहीबुवा, चला!

बेबाबाई: मोती, डोळे झाक! माती येते!

झुलाल: मेढ हलली! न्हाई राहायची ती, ओल्या मातीत काय धरंल! जाऊ द्या, सोडा तिले, तुमी आत या! तो पाहा पत्रा उडत येतोय, मान कापली जाईल!

मोतीलाल: अक्का, ही वाटी घे.

बेबाबाई: मी?

मोतीलाल: घे म्हणतो ना!

बेबाबाई: मोती, मी हळदीला हात लावत नही. बायका काय म्हणतील? तुझ्या बायकोला बोलव, मामीला बोलव...

मोतीलाल: त्या शाळेत आहेत, आणि वारा इथं आहे. पदर धर वाटीवर, आत जा, आणि तूच लाव तिला. मला दोन्ही हात मोकळे पाहिजेत.

झुलाल: अहो, तुमी करता काय? सोडा तो खांब! धरलेली मेढ उभी नसते, आत्ताच म्हणालात ना!

मोतीलाल: मी नाही म्हणालो. तो मामा म्हणाला. आज मामा नाही, मी आहे. अक्का, जा!

बेबाबाई: जाते. घट्ट धर.

झुलाल: देवा रे! काय हे वारं! उभ्या जन्मात... व्याहीबुवा! ऐकू येतंय का?

मोतीलाल: आबा, आत पाहा! लागली का?

झुलाल: बसली ती पोरीपुढं! वाटी उघडली! हळद बोटांवर घेतली!

मोतीलाल: लागली का म्हणतो!

झुलाल: एका गालाले लागली. अजून थोडं धरा, भो.